तीन फुटांची टाकी

सकाळी ६.००
सुरतेत लिंबायतच्या नाक्यावर शेअर रिक्षा. स्टेशनला उतरायचं, तिथून दुसरी कतारगामला. जाऊन-येऊन ८० रुपये. तान्ह्यांच्या टाकीवर शिकवणाऱ्या ताई मूळ शिंदखेड्याकडच्या. घरात अहिराणी, कामावर गुजराती. पोहायला शिकल्या गावच्या विहिरीत, कमरेला पत्र्याचा डबा बांधून.

६.४५
आधी जाळीनं केस, किडे काढायचे. मग नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळा फिका आला तर क्लोरीन कमी. दुसऱ्या नळीत लाली बघायची, पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये हवा. पाणी ३२ अंश. मोठ्यांच्या तलावातल्या गार पाण्यात तान्ह्याचे ओठ निळे पडतात. हीटरचं वीजबिल मालकाला तोंडपाठ आहे.

८.००
चार बाळं, चार आया, काठावर एक बा, म्हणजे आजी. सात महिन्यांच्या पोराला आईनं घट्ट आवळलंय. “हाथ ढीलो राखो, बेन.” आधी पाय, मग पोट, मग खांद्यावर ओंजळभर पाणी. डोकं बुडवायचं नाही. पोरगं हात आपटतं, स्वतःच उडवलेल्या पाण्यानं दचकतं, ताईंच्या तोंडाकडे बघतं. ताई हसल्या की परत आपटतं. रडलं तर बाहेर, जबरदस्ती नाही. अर्ध्या तासात शिकते ती खरं तर आई.

९.१०
पोहण्याचा डायपर लघवी अडवत नाही, शी तेवढी थोडा वेळ धरतो. आज धरली नाही. सगळे बाहेर. टाकी बंद, क्लोरीन वाढवा, थांबा. पैसे परत मागणाऱ्या आईला समजावणंही ताईंच्याच वाट्याला.

१२.३०
कळण्याची भाकरी, ठेचा. बोटांना सुरकुत्या, कोपरांना खाज. खोबरेलाची बाटली स्वतःच्या खर्चाची. पगार १३ हजार.

संध्याकाळी ६.३०
हिरे घासायच्या घंटीवर दिवस काढलेला बाप. बोटांच्या पेरांत काळी पूड. आधी साबण, शॉवर, मगच टाकी. लेकीला पाण्यात धरून विचारतो, “हवे तरशे ने?” आता पोहेल ना?
ताई सरळ नाही म्हणतात. गिऱ्हाईक तुटेल, तरी म्हणतात. बाळाला वर्षाच्या आत शिकवल्यानं बुडणं टळतं याला पुरावा नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही धडे वर्षानंतर सुचवतात. गावी हौद असेल, घरी बादली असेल, मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं.

८.००
वायपर, कुलूप, रिक्षा. दिवाळीत हिऱ्याचे कारखाने बंद होतात, सौराष्ट्रातली कुटुंबं गावी जातात. टाकीही बंद राहते. तेवढ्या दिवसांचा पगार कापतात.