वाऱ्यावर न सोडलेले इंजिन

बजाजची जुनी गिअरची स्कूटर ज्यांनी चालवली आहे त्यांना तिच्या उजव्या बाजूचे फुगीर झाकण आठवत असेल. ते काढले की आत पत्र्याचे आणखी एक आवरण दिसते आणि इंजिनाबरोबर फिरणारा एक पंखा. मोटरसायकलला असा पंखा लागत नाही. तिचे इंजिन उघडे असते, समोरचा वारा थेट त्याच्या पत्र्यांमधून वाहतो. स्कूटरचे इंजिन मात्र झाकणाआड दडलेले, म्हणून वारा ओढून आणावा लागतो. मग एवढे छोटे इंजिन जर पंख्याने थंड होते, तर आठ-नऊ माणसे बसणारी व्हॅन तशी चालेल का?

चालेल, आणि अनेक वर्षे चालली. जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची 'बीटल' मोटार आणि तिच्याच इंजिनावर बांधलेली 'ट्रान्सपोर्टर' व्हॅन ही त्याची सर्वांत प्रसिद्ध उदाहरणे. फर्डिनांड पोर्शे यांनी 1930 च्या दशकात बीटलची रचना केली. 1947 मध्ये बेन पोन या डच व्यापाऱ्याने व्हॅनचे एक ओबडधोबड रेखाटन केले आणि 1950 च्या मार्चमध्ये ती व्हॅन कारखान्यातून बाहेर पडू लागली. शेवटची जुनी बीटल 30 जुलै 2003 रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे तयार झाली. ब्राझीलमध्ये तर हवेने थंड होणारी व्हॅन 2005 च्या अखेरीपर्यंत बनत होती. आजही जगभर हौशी मंडळी ही इंजिने खोलतात, नव्याने जुळवतात. त्यांच्या टेबलावर पान्यांच्या शेजारी आपल्या रसायनशाळेतले ब्युरेटही ठेवलेले असते. ते कशासाठी, ते पुढे येईलच.

पाणी का टाळले? जर्मनीतल्या हिवाळ्यात ज्याच्याकडे गॅरेज नाही त्याची गाडी रात्रभर रस्त्यावर उभी राहणार. रेडिएटरमधले पाणी गोठले की प्रसरण पावते आणि इंजिनाचा ठोकळा फुटतो. हवा गोठत नाही, गळत नाही, उकळत नाही. 1963 मध्ये अंटार्क्टिकावरील ऑस्ट्रेलियाच्या मॉसन तळावर एक साधी बीटल नेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे या युक्तिवादात किती दम होता ते कळते.

पण हवा हे उष्णता वाहून नेण्याचे फार दुबळे साधन आहे. 1 घ.सें.मी. पाण्याचे तापमान 1 अंशाने वाढवायला सुमारे 4.2 ज्यूल उष्णता लागते, तेवढ्याच हवेला जेमतेम 0.0012 ज्यूल. म्हणजे पाण्याच्या साडेतीन हजारपट घनफळाची हवा हलवावी लागणार! त्यावर उपाय दोन. पहिला, पृष्ठभाग वाढवायचा. सिलिंडर आणि त्याचे डोके (हेड) यांना बाहेरून पातळ पाळ्या असतात, त्या याचसाठी. दुसरा, भरपूर हवा ढकलायची. 1600 घ.सें.मी.च्या इंजिनावरचा पंखा मिनिटाला 4000 फेऱ्यांच्या वेगात दर सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर हवा ढकलतो. तिचे वस्तुमान साधारण 0.6 किलोग्रॅम. दर सेकंदाला 30,000 ज्यूल उष्णता उचलायची झाली तर ही हवा सुमारे 50 अंशांनी तापेल. हे गणित अकरावीचा विद्यार्थीही करू शकेल.

इथे एक गंमत आहे. उन्हाळ्यात हवेने थंड होणारे इंजिन हमखास तापणार, अशी आपली समजूत असते. थंड होण्याचा वेग दोन तापमानांतल्या फरकावर अवलंबून असतो. रेडिएटर 90 अंशांवर असेल आणि बाहेरची हवा 10 वरून 40 अंशांवर गेली, तर फरक 80 वरून 50 वर येतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटतो. पाळ्या 180 अंशांवर असतील तर तोच फरक 170 वरून 140 वर येतो, घट सहाव्या हिश्श्याच्या आसपास. बाहेरच्या ऊन-थंडीचा परिणाम या इंजिनावर तुलनेने कमीच होतो.

त्याचा खरा शत्रू म्हणजे वाऱ्याची चुकलेली वाट. पंख्याची हवा पत्र्याच्या आवरणातून चारही सिलिंडरांवर वाटली जाते आणि तापून गाडीखाली बाहेर पडते. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्ट्या वरची थंड हवा आणि खालची गरम हवा यांच्यामधली भिंत असतात. एखादा पत्रा गंजून गेला किंवा कुणी 'कशाला हवा हा पसारा?' म्हणून काढून टाकला, की खालची तापलेली हवाच पुन्हा वर येऊन पंख्यात शिरते.

थर्मोस्टॅटचेही असेच हाल होतात. या इंजिनात सिलिंडरांच्या खाली पितळी भात्यासारखा एक डबा असतो. आसपासची हवा 65 ते 70 अंशांपर्यंत तापली की तो फुगतो आणि तारेने जोडलेल्या झडपा उघडून हवा मोकळी सोडतो. अनेक दुरुस्ती करणारे तो काढून फेकतात. जास्त हवा म्हणजे जास्त थंड, इतके सरळ त्यांचे तर्कशास्त्र. पण गार इंजिनात तेल घट्ट असते, दट्ट्या आणि सिलिंडर यांतली फट ठरल्याप्रमाणे नसते आणि झीज याच काळात फार होते. शिवाय या डब्याची रचना अशी, की तो फुटला तरी झडपा उघड्याच राहतात. निकामी झाल्यावरही इंजिन वाचवणारा भाग काढून टाकणे आम्हाला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

मूळ रचनेतही एक खोट होती. तेल थंड करणारा जाळीदार कूलर पंख्याच्या आवरणात, डाव्या बाजूच्या पुढच्या सिलिंडरच्या बरोबर वर बसवलेला होता. हा क्रमांक 3 चा सिलिंडर. त्याच्या वाट्याला आधीच गरम झालेली आणि अडलेली हवा येई. कंपनीने यावर शोधलेला तोडगा मोठा मजेदार होता. अनेक डिस्ट्रिब्युटरांमध्ये तिसऱ्या सिलिंडरची ठिणगी इतरांपेक्षा काही अंश उशिरा पडेल अशी योजना केली. ठिणगी उशिरा पडली की दाब आणि तापमान यांचा कळस थोडा खाली येतो. एका सिलिंडरची थोडी ताकद सोडून द्यायची आणि त्याचा जीव वाचवायचा! 1971 च्या मॉडेलांपासून कूलर बाजूला सरकवून त्याला स्वतंत्र वाट दिली, तेव्हा दुखणे मुळातून कमी झाले.

आता ब्युरेट. सिलिंडरचा व्यास 85.5 मि.मी. आणि दट्ट्याची धाव 69 मि.मी. असेल तर एका सिलिंडरचे घनफळ 396 घ.सें.मी. येते. दट्ट्या टोकाला पोचल्यावर त्याच्या पलीकडे किती जागा उरते यावर दाबाचे गुणोत्तर ठरते. हेडमधला खळगा वेडावाकडा असतो, सूत्राने त्याचे घनफळ काढता येत नाही. म्हणून झडपा आणि स्पार्क प्लग बसवून हेड उलटे, सपाट ठेवतात, त्यावर ग्रीस लावून भोक पाडलेला पारदर्शक पत्रा चिकटवतात आणि ब्युरेटमधून रॉकेलसारखा द्रव सोडतात. समजा 50 घ.सें.मी. द्रव मावला आणि दट्ट्या सिलिंडरच्या काठापासून 1.5 मि.मी. खाली थांबतो. ती फट 8.6 घ.सें.मी.ची. एकूण 58.6. गुणोत्तर (396 + 58.6) भागिले 58.6, म्हणजे जवळजवळ 7.8. सिलिंडरखाली 1 मि.मी.ची चकती घातली की तेच 7.2 होते. एका मिलिमीटरमध्ये एवढा फरक! गुणोत्तर वाढवले तर ताकद वाढते हे खरे, पण उष्णताही वाढते आणि ती न्यायला हवाच आहे. म्हणून व्हॅनसारख्या जड गाडीत फार हाव न धरलेली बरी.

झडपांची फट हा यातला सर्वांत सुंदर भाग. कॅमशाफ्ट मध्यभागी, झडपा दोन्ही टोकांना, आणि मधे सुमारे 275 मि.मी. लांबीच्या दांड्या. फट थंड इंजिनावर, शक्यतो रात्रभर उभ्या राहिलेल्या, 0.15 मि.मी. ठेवतात. इंजिन तापले की सिलिंडर आणि हेड बाहेरच्या बाजूला वाढतात, त्यामुळे फटही वाढू पाहते. दांडी ॲल्युमिनियमची असेल तर 80 अंशांच्या वाढीत तीही सुमारे 0.5 मि.मी. लांबते आणि बरीचशी भरपाई होते. कुणी मजबूत म्हणून पोलादी दांडी घातली तर ती जेमतेम 0.26 मि.मी. लांबणार. पाव मिलिमीटरचा हा फरक मूळ फटीपेक्षाही मोठा! म्हणून पोलादी दांड्यांसाठी थंडपणी फट जवळजवळ शून्य ठेवतात, दांडी बोटांनी फिरवता येईल इतपतच. ॲल्युमिनियमच्या दांड्यांना मात्र हा नियम लावला तर घात होतो. फट नाहीशी झाली की एक्झॉस्टची झडप आपल्या बैठकीवर नीट टेकत नाही. तिची उष्णता मुख्यतः त्या टेकण्यातूनच हेडमध्ये जाते. ती वाट बंद झाली की झडप जळते, आणि वापराने फट कमी होत जाते हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. दर 5000 कि.मी.ला ती तपासायची ती यासाठी.

ठिणगीच्या वेळेचे गणित सोपे आहे. दट्ट्या टोकाला पोचण्याआधी ती पडावी लागते, कारण मिश्रण जळायला वेळ लागतो. मिनिटाला 900 फेऱ्यांवर 7.5 अंश आधी, म्हणजे 1.4 मिलिसेकंद आधी. 3000 फेऱ्यांवर 30 अंश आधी, म्हणजे 1.7 मिलिसेकंद. अंश चौपट झाले, वेळ मात्र जवळपास तीच राहिली! हा बदल डिस्ट्रिब्युटरमधली फिरती वजने आपोआप घडवतात. ठिणगी याहून बरीच आधी पडली तर वर येणाऱ्या दट्ट्यावर दाब येतो, हेड तापते, आणि पाण्याच्या इंजिनासारखा तापमानाचा काटा समोर नसल्याने चालकाला पत्ता लागत नाही. पंख्याचा पट्टा तुटला तर निदान चार्जिंगचा लाल दिवा लागतो, कारण पंखा जनरेटरच्याच दांड्यावर बसलेला आहे. तो दिवा लागला की गाडी तिथेच थांबवायची, पुढच्या गावापर्यंत रेटायची नाही.

हे इंजिन जुळवणाऱ्या प्रत्येकाला आम्ही आणखी एक गोष्ट सांगू. त्याचे क्रँककेस मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे. प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत जळताना पाहिलेल्यांना अधिक सांगायला नको. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या उष्णतेने कडक होतात, तडकतात, पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकते आणि गाडी पेटते. क्रँककेसनेच पेट घेतला तर त्यावर पाणी मारून उपयोग नाही. जळते मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते आणि हायड्रोजन मोकळा करते, आग आणखी भडकते. कार्बन डायऑक्साइडचीही तीच गत, त्यातही मॅग्नेशियम जळत राहते. कोरडी वाळू टाकावी आणि दूर व्हावे. मात्र नळ्या वेळेवर बदलल्या तर ही वेळच येत नाही. इंजिन परत गाडीत चढवण्यापूर्वी त्या नव्या घालाव्यात, कारण नंतर त्यांच्यापर्यंत हात पोचत नाही.