पॅड मऊ नको, बरोबर हवा

सायकलिंग शॉर्ट्स घ्यायला गेलं की हात आपोआप सगळ्यात जाड पॅडकडे जातो. अंगठ्यानं दाबून पाहायचं, गादीसारखा मऊ लागला की घ्यायचा. दुकानापासून घरापर्यंत तो सुखाचाच वाटतो. पण पुण्याहून लोणावळ्याला निघालात तर कामशेतच्या आसपास तोच मऊपणा छळू लागतो.

दगडी पायरीवर बसल्यावर जी दोन हाडं टोचतात, ती आपली बैठकीची हाडं. सीटवरचा भार मुख्यतः त्यांनीच पेलायचा असतो. फोम फार मऊ असला की हाडं त्यात रुततात, पार तळाला टेकतात, आणि दबलेला फोम मधल्या नाजूक भागावर चढतो. तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की बधिरपणा येतो. म्हणून चांगला पॅड सगळीकडे सारखा नसतो. हाडांखाली घट्ट, कडांना पातळ होत गेलेला, आणि बऱ्याचदा मधोमध पन्हळीसारखा खोलगट. बायकांची ही हाडं साधारणपणे एकमेकांपासून जास्त अंतरावर असतात, त्यामुळे त्यांचा पॅड मागे रुंद असतो. पुरुषांच्या शॉर्ट्सचं लहान माप घेऊन बायकांनी भागवू नये.

मुळात हा पॅड उशी म्हणून आलाच नव्हता. युरोपातले जुने सायकलपटू लोकरी चड्डीला आतून शॅम्वा नावाच्या पहाडी प्राण्याचं मऊ कातडं लावत, ते लोकर आणि शिवण अंगाला घासू नये म्हणून. धुतल्यावर ते कातडं वाळून कडक व्हायचं, मग त्याला मलम चोळायचं. कातडं जाऊन कृत्रिम कापड आलं, तरी ‘शॅमी’ हे नाव आणि क्रीम लावायची पद्धत टिकली.

घासणं किती होतं याचा हिशोब करून पाहा. मिनिटाला 80 फेरे धरले, तर पाच तासांत पॅडल 24,000 वेळा फिरतं. 200 किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडला, तर साडेतेरा तासांची मुदत असते. अशा वेळी एखादी जाड शिवणसुद्धा कातडी सोलते. आत अंडरवेअर घालायची नाही ती याच कारणानं: तिच्या शिवणी नेमक्या नको तिथे येतात आणि सुती कापड घाम धरून ठेवतं. नव्या मंडळींना हे सांगताना संकोच वाटतो, पण सांगायलाच हवं.

मापाची परीक्षा आरशासमोर ताठ उभं राहून होत नाही. हँडल धरल्यासारखं वाका, गुडघा छातीकडे आणा. पॅड अंगाला चिकटून राहिला पाहिजे. त्याला चुणी पडली तर एक माप लहान घालून पाहा. खांद्यावरून पट्टे जाणारी बिब शॉर्ट्स उभं असताना ओढल्यासारखी वाटते, वाकलं की नीट बसते. तिचं इलॅस्टिक पोटात रुतत नाही, पॅडही सरकत नाही. लांब पल्ल्यासाठी मी तीच सुचवेन, लघुशंकेला थांबताना थोडी गैरसोय होत असली तरी. मात्र सीटची उंची चुकली असेल आणि कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल, तर कुठलाच पॅड उपयोगी पडणार नाही.

घरी आल्यावर चहाच्या आधी शॉर्ट्स उतरवा. ओल्या, उबदार पॅडमध्ये जंतू वाढतात; घासलेल्या कातडीवर पुळ्या येतात त्या बऱ्याचदा यामुळेच. प्रत्येक राइडनंतर धुवायची: उलटी करून, थंड पाण्यात, सौम्य साबणानं. ब्लीच आणि गरम पाणी लायक्राची लवचिकता मारतात. फॅब्रिक कंडिशनरचा थर धाग्यांवर बसतो, मग कापड घाम शोषून बाहेर टाकेनासं होतं. पिळू नका, फोम चुरगळतो. पंच्यात गुंडाळून दाबा आणि पॅड बाहेरच्या बाजूला ठेवून सावलीत वाळवा. आषाढ-श्रावणात वरून कोरडा लागणारा पॅड आतून दमट असू शकतो. पंख्याखाली रात्रभर ठेवा, आणि रोज सायकल चालवत असाल तर दोन जोड ठेवा.

वर्ष-दीड वर्षानं पॅड चिमटीत दाबून पाहा. सोडल्यावर तो फुगून वर आला नाही, तर फोम बसला. मग मागचं कापड खिडकीच्या उजेडासमोर ताणून धरा. पलीकडची बोटं दिसू लागली असतील, तर नवी घ्यायची वेळ झाली.