ताशी पावणेतीन किलोमीटर

श्रावण सरत आला की लालबाग-परळच्या गल्ल्यांतून दोन तयाऱ्या शेजारी शेजारी सुरू होतात: एक मूर्तिकारांच्या कार्यशाळांतली, जिच्याकडे अवघ्या मुंबईचे डोळे लागलेले असतात, आणि दुसरी, गल्लीच्या तोंडाशी चाकांना उटी लावून उभ्या केलेल्या एखाद्या जुन्या ट्रकच्या बॉनेटखालची, जिच्याकडे त्या ट्रकवर जीव असलेल्या पाचसात माणसांखेरीज सहसा कोणी वळून पाहत नाही. अनंत चतुर्दशीला ज्या वाहनावरून गणपती गिरगाव चौपाटीला जायचा, ते वाटेत बंद पडू नये एवढ्या एकाच हेतूने ही माणसे रात्रीची जेवणे आटोपून दिव्याच्या उजेडात तेथे जमतात. आमच्या गल्लीतल्या या मंडळीत बेस्टच्या दादर वर्कशॉपातून निवृत्त झालेले एक फिटर आहेत, ज्यांना सारे मिस्त्रीकाका म्हणतात. गोदीचा माल वाहण्यात सारी उमेद घालवलेले एक ड्रायव्हर आहेत. आणि गिरणीतल्या फिटरचा नातू असलेला, आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पुरा केलेला एक मुलगा आहे. त्यांच्या विद्येमागचे शास्त्र मला जसे उमगले तसे मांडावे, असे बरेच दिवस मनात होते.

त्यांचा ट्रक टाटांचा, आणि त्याचे इंजिन ‘६९७’. हा आकडा कारखान्याच्या दप्तरातला एखादा अनुक्रमांक असावा असा माझा समज होता. मिस्त्रीकाकांनी त्याची फोड करून दाखवली. पहिला ६ म्हणजे सहा सिलिंडर, आणि पुढचे ९७ म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा मिलिमीटरमधला व्यास. पिस्टनची धाव १२८ मिलिमीटर, तेव्हा सहांचे मिळून आकारमान सुमारे ५.७ लिटर भरते. टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून १९५४ साली जमशेदपुरास ट्रक बांधण्यास आरंभ केला, आणि १९६९ मध्ये त्या कराराची मुदत संपून बॉनेटवरचा तारा जाऊन तेथे ‘टी’ हे अक्षर आले, तरी इंजिनाच्या घडणीतले जर्मन वळण पुढे पुष्कळ वर्षे टिकले. त्याही आधी मुंबईत ट्रक जुळवले जात ते कुर्ल्यास, वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरच्या कारखान्यात; त्यांतला ‘फार्गो’ आमचे ड्रायव्हर अजून आदराने आठवतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे बूड हाताला गरम लागते, हा अनुभव प्रत्येकाने लहानपणी घेतलेला आहे. त्याच न्यायाने, सिलिंडरातली हवा आपल्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्शात दाबली गेली की तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर चढते, आणि नेमक्या त्या क्षणी नोझलमधून धुक्यासारखे बारीक फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. या जुन्या इंजिनात विजेची गरज मुख्यतः सेल्फ फिरवण्यापुरती. पुढचा सारा कारभार पंप, नोझल, वॉल्व्ह आणि दट्ट्या यांच्या यांत्रिक शिस्तीवर चालतो. दोष सांगणारा संगणक येथे नाही, परंतु दोष लपवणारेही काही नाही. कान, नाक आणि हाताचा तळवा यांना शिकवावे लागते, इतकेच.

गेल्या वर्षी गणपतीला पंधरा दिवस उरले असताना हे इंजिन मिसिंग मारू लागले, म्हणजे सहांपैकी एक सिलिंडर आपला वाटा उचलीनासे झाले. मुलाने उत्साहाने पाना उचलला. “थांब रे, आधी ऐक,” काका म्हणाले. मग त्यांनी इंजिन संथ चालू ठेवून, सतरा नंबरच्या पान्याने पहिल्या नोझलच्या नळीचा नट अर्धा आटा सैल केला. नटापाशी डिझेलचे थेंब फुटले, आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. याचा अर्थ ते सिलिंडर काम करीत होते, त्याचे अन्न तोडल्याबरोबर उणीव भासली. नट आवळून ते दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे गेले. दर वेळी आवाज खचला. चौथ्याचा नट सैल केला, आणि आवाजात तसूभरही फरक पडला नाही. जो मुळात राबतच नव्हता, त्याची शिदोरी काढून घेतल्याने काय बिघडणार!

“काका, नोझल गेलं की वॉल्व्ह?” मुलाने विचारले. काकांनी उत्तर दिले नाही. इंजिन बंद करून त्यांनी चौथ्या आणि पाचव्या सिलिंडरच्या नोझलांची अदलाबदल करवली आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली. आता चौथे राबू लागले होते आणि पाचवे मुके झाले होते. दोष नोझलबरोबर चालत गेला, म्हणून दोष नोझलचाच. तो चौथ्यातच राहिला असता तर वॉल्व्ह, रिंग किंवा लायनर यांकडे वळावे लागले असते आणि इंजिनाचे काम काढावे लागले असते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम पाहावा, ही प्रयोगशाळेतली रीत इतक्या निर्मळ रूपात मला क्वचितच पाहायला मिळाली आहे. दुसऱ्या दिवशी ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या बाजारातून नवे नोझल आले. त्याचा फवारा टेस्टरवर पाहताना मात्र काकांनी मुलाचा हात मनगट धरून दूर सारला, कारण सुमारे २०० बार दाबाने सुटणारी ती धार कातडी भेदून रक्तात उतरू शकते.

नोझल बदलल्यावर नळीत हवा शिरली, आणि हवा ही डिझेल इंजिनाची जुनी वैरीण. द्रव दाबला जात नाही, म्हणून पंपाचा रेटा नोझलपर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. हवेचा बुडबुडा स्प्रिंगसारखा आकसतो आणि तो रेटा गिळून टाकतो. हॅण्ड प्रायमर मारीत फिल्टरच्या नटातून फेस जाऊन अखंड धार येईपर्यंत ‘एअर काढणे’ हे काम पोरांचे, आणि ते सारे हौसेने करतात.

खरी कसोटी मात्र पुढे असते, आणि ती ओझ्याची नसून संथपणाची असते. इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्या अशा सर्वांत सावकाश गतीने चालले, पहिल्या गिअरने ती गती सातपट आणि मागच्या क्राऊन-पिनियनने सहापट कमी केली असे धरले, तर चाक मिनिटाला सुमारे १४ फेरे घेते. चाकाचा घेर ३.२ मीटर मानला तर ट्रक ताशी पावणेतीन किलोमीटर चालतो. याहून हळू तो आपण होऊन चालूच शकत नाही, आणि मिरवणूक तर याहून कितीतरी हळू चालते, थांबते, पुन्हा वीतभर सरकते. लालबागहून भायखळा स्थानक, क्लेअर रोड, नागपाडा, सी. पी. टँक आणि ऑपेरा हाऊस या वाटेने चौपाटी गाठताना मोठ्या गणपतींना दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडते. तेवढा वेळ ड्रायव्हरने अर्ध्या क्लचवर गाडी सरकवत ठेवली, तर उभ्या प्लेटवर घासणाऱ्या फ्लायव्हीलमधून १०० न्यूटन-मीटरचा पीळ जाताना सहा किलोवॉटहून अधिक उष्णता निर्माण होते. दोन किलोवॉटचे तीन गिझर त्या बंद डब्यात पेटवल्यासारखेच ते. म्हणून आमचे ड्रायव्हर पुढे चांगली पंधरा-वीस पावले मोकळी होईपर्यंत गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवतात, दोन पोरे उट्या घेऊन मागच्या चाकांशी चालतात, आणि मग क्लच पुरता सोडून गाडी तेवढे अंतर एका दमात काढते. ढोलताशांच्या गजरात हा हिशेब कोणाच्या लक्षात येत नाही. मला मात्र त्या उट्या घेतलेल्या पोरांइतके कौतुक क्वचितच कोणाचे वाटते.

दर्शनी जाळीवर सोडलेल्या झेंडूच्या माळा आणि मखमली कापड यांवरून काकांचा कार्यकर्त्यांशी दर वर्षी वाद होतो. गाडी चालत नसल्याने समोरून वारा येत नाही, फॅन हळू फिरतो. अशा वेळी रेडिएटरचे तोंडच झाकले तर पाणी उकळीस लागते. वाद अखेर तडजोडीने मिटतो: माळा राहतात, कापड जाते.

संथ चालण्याचा आणखी एक परिणाम होतो. सिलिंडर पुरते तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि नोझलच्या टोकावर काजळी साचते. विसर्जनानंतर रिकामा ट्रक लॅमिंग्टन रोडने परत निघाला तेव्हा मीही केबिनमध्ये चढून बसलो. रस्ता सकाळचा, मोकळा होता. काकांनी ड्रायव्हरांना खूण केली, आणि त्यांनी रेस दिली. मागे काळ्याकुट्ट धुराचा लोट उठला. काका आरशात बघत राहिले, बोलले नाहीत. मुंबई सेंट्रल जवळ आले तसा तो लोट करडा झाला, मग विरळ झाला, आणि पुलाच्या सावलीतून बाहेर पडताना आरशात नुसता मागचा रस्ता दिसत होता.