स्वयंचलित घड्याळाला किल्ली कोणी द्यावी?

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात चँडलर नावाचे शहर आहे. डॉ. अलेक्झांडर चँडलर या पशुवैद्याने १९१२ साली ते वसविले. मुलूख वाळवंटी, ऊन कडक. शेजारच्या फिनिक्समध्ये २०२३ साली सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांवर गेला होता, यावरून वाचकांना कल्पना येईल. इंटेल कंपनीने १९८० पासून चँडलरमध्ये बस्तान बसविले, आणि संगणकाच्या चिपच्या धंद्यामागोमाग भारतीय कुटुंबेही तेथे गेली. त्यांत मराठी घरेही आहेत. आपल्या बेटावरून शिकायला गेलेला आमचा एक पुतण्या तिकडच्याच एका कारखान्यात नोकरीला आहे. लग्न कोल्हापूरच्या मुलीशी झाले. जावयाला घड्याळ आणि अंगठी द्यायची आपली जुनी रीत. सासऱ्यांनी त्याला भारी स्विस ऑटोमॅटिक घड्याळ दिले.

आता अडचण अशी की कारखान्यात अंगावर झगा, हातात मोजे. घड्याळ घरीच ठेवावे लागते. बारा तासांची पाळी, ओळीने चार दिवस. पाचव्या दिवशी खण उघडावा तर घड्याळ बंद पडलेले! तो एका दुकानात गेला. दुकानदाराने सांगितले, "बंद ठेवलेत तर आतले तेल गोठेल, यंत्र बिघडेल. वाइंडर घ्या." किंमत चारशे डॉलर. पुतण्याने आम्हांला विचारले, "काका, सासऱ्यांची वस्तू आहे. घेऊन टाकू का?"

वाइंडर म्हणजे घड्याळ सावकाश फिरवीत ठेवणारी विजेची पेटी. ती घ्यावी की नाही, हे ठरविण्यापूर्वी घड्याळाच्या पोटात काय चालते ते पाहिले पाहिजे.

ऑटोमॅटिक घड्याळाला सेल नसतो. आत एक कमान, म्हणजे स्प्रिंग, गुंडाळलेली असते. ती उलगडताना काटे चालतात. जुन्या घड्याळाला रोज सकाळी किल्ली द्यावी लागे. ऑटोमॅटिकमध्ये अर्धचंद्राच्या आकाराचे एक वजन आसावर सुटे बसविलेले असते. त्याला रोटर म्हणतात. मनगट हलले की ते वजन खाली घसरते, फिरते, आणि कमान आवळली जाते. मनगटी घड्याळात ही युक्ती बसविणारे पहिले कारागीर मॅन बेटावरील घड्याळजी जॉन हारवुड. त्यांना १९२४ साली स्वित्झर्लंडमध्ये पेटंट मिळाले. (बेटावरच्या माणसाला वेळेची किंमत नसते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.) रोलेक्सचा पूर्ण गोल फिरणारा रोटर १९३१ सालचा.

कमान पूर्ण भरली की जुन्या बनावटीचे घड्याळ सुमारे चाळीस तास चालते. अलीकडची काही सत्तर-ऐंशी तास चालतात. पुतण्याचे घड्याळ चार दिवस खणात पडले तर ते बंद पडणारच. त्यात बिघाड काही नाही.

राहिला तेलाचा प्रश्न. पूर्वीची तेले प्राणिज असत, ती घट्ट होत. आजची कृत्रिम तेले घड्याळ काही दिवस थांबले म्हणून गोठत नाहीत. उलट, चालू घड्याळाची झीज थांबलेल्या घड्याळापेक्षा जास्तच होते. म्हणून दुकानदाराचे म्हणणे आम्हांला पटत नाही. एकच घड्याळ असेल आणि त्यात साधी तारीख असेल, तर बंद पडल्यावर हाताने वीस-तीस वळसे किल्ली द्यावी, वेळ लावावी, तारीख लावावी. दोन मिनिटांचे काम. मात्र रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान काटे असताना तारखेची कळ ओढू नये. त्या वेळी तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि दाता तुटू शकतो. घड्याळात रात्र आहे की दिवस हे कळत नसेल तर काटे पुढे नेऊन तारीख कधी बदलते ते आधी पाहावे.

मग वाइंडर हवा कोणाला? ज्यांच्याकडे तीन-चार ऑटोमॅटिक घड्याळे आहेत आणि ती आलटून पालटून वापरली जातात त्यांना. ज्यांना बोटांच्या दुखण्यामुळे बारीक किल्ली फिरविता येत नाही त्यांना. आणि ज्यांच्याकडे कायमचे पंचांग असलेले घड्याळ आहे त्यांना. असे घड्याळ महिन्याचे तीस-एकतीस दिवस, लीप वर्ष, सारे स्वतः ओळखते; चालू ठेवले तर सहसा १ मार्च २१०० पर्यंत त्याला हात लावावा लागत नाही. पण महिनाभर बंद पडले तर तारीख, वार, चंद्रकला पुन्हा जुळविताना भले भले घाम पुसतात. तेथे वाइंडरचा खर्च सार्थकी लागतो.

घ्यायचाच असेल तर लाकडाच्या चकाकीकडे आणि आतल्या दिव्याकडे आधी पाहू नये. पहिला प्रश्न: दिवसाला फेरे किती? बहुतेक घड्याळांना ६५० ते ८०० फेरे पुरतात. आता थोडे गणित करू. पेटी मिनिटाला आठ फेरे देत असेल आणि न थांबता फिरत असेल, तर ८ गुणिले ६० गुणिले २४ म्हणजे दिवसाला ११,५२० फेरे झाले! वास्तविक ६५० फेऱ्यांना ८१ मिनिटे पुरे. घड्याळाला जास्त किल्ली बसून कमान तुटते असे नाही, कारण ऑटोमॅटिकची कमान भरली की तिचे टोक डब्याच्या भिंतीवर घसरते. पण रात्रंदिवस ते घासत ठेवण्यात शहाणपण कोणते? म्हणून थोडे फिरून बराच वेळ थांबणारी, फेरे ठरविता येणारी पेटीच घ्यावी. थांबण्याची सोय नसलेली स्वस्त पेटी कोणी फुकट दिली तरी आम्ही वापरणार नाही.

दुसरा प्रश्न दिशेचा. काही घड्याळांचा रोटर दोन्हीकडे फिरताना कमान आवळतो, काहींचा एकाच बाजूने. जपानच्या मियोटा ८२१५ सारखी यंत्रे एकाच दिशेची आहेत. चुकीच्या दिशेने पेटी वर्षभर फिरली तरी कमान रिकामीच राहील. उजवी, डावी आणि दोन्ही, अशा तिन्ही सोयी असाव्यात. आपल्या घड्याळाची दिशा कंपनीच्या पुस्तिकेत किंवा घड्याळजीकडे विचारावी. घड्याळ आधी हाताने भरून ६५० फेऱ्यांवर ठेवावे. तीन दिवसांत थांबले तर फेरे वाढवावेत.

पेटीत घड्याळ उभे किंवा तिरपे बसले पाहिजे. तबकडी आकाशाकडे करून सपाट फिरविले तर वजन खाली घसरणार कुठे? उशी मनगटाएवढी असावी. मोठ्या उशीने पट्टा ताणतो. मोटरीच्या लोहचुंबकाचाही विचार हवा, कारण चुंबकत्व शिरले की बारीक केसकमानीची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पुढे पळू लागते. आम्हां शिक्षकांची युक्ती अशी: शाळेतले होकायंत्र घड्याळाच्या जागी ठेवावे आणि पेटी चालू करावी. सुई जोरात भोवंडली तर ती पेटी दुकानातच ठेवावी. आवाजही तेथेच ऐकावा, कारण दुपारच्या गजबजाटात न ऐकू येणारी घरघर रात्री झोपेच्या खोलीत फार मोठी होते.

पुतण्याला आम्ही लिहिले की चारशे डॉलर बाजूला ठेव. चांगल्या ऑटोमॅटिकची पाच ते दहा वर्षांनी पूर्ण साफसफाई करावी लागते, आणि भारी घड्याळाला त्याचा खर्च काहीशे डॉलरच्या घरात जातो. सासऱ्यांच्या घड्याळाचे आयुष्य त्या साफसफाईने वाढेल, पेटीने नव्हे. सुटीच्या तीन दिवसांत ते मनगटावर घाल. उन्हात उभ्या मोटारीत मात्र विसरू नकोस. शिवाय ॲरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळे पुढे-मागे करीत नाहीत, तेवढा त्रास वाचला. आपल्या बेटावर २००८-०९ मध्ये तो प्रयोग करून सोडून दिला, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

परदेशातून अशी पेटी मागविणाऱ्या इथल्या वाचकांसाठी दोन शब्द. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. पेटीसोबतच्या ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असेल तर आपल्या खोबणीत बसणारा जोड पुरे. नुसते १२० असेल तर ती पेटी इथे लावू नये. चँडलरची हवा कोरडी, आपली दमट. मखमलीच्या अस्तराला पावसाळ्यात बुरशी येते. आत ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवावी, महिन्याने बदलावी, आणि पेटी न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीपासून दूर ठेवावी.