संगणकाच्या मांडणी-फाईलची भाषा

कार्यालयात, बँकेत वा विद्यापीठात संगणकाची एखादी आज्ञावली बसविताना काही तपशील तिच्या आत कायमचे लिहून ठेवीत नाहीत. माहितीसाठा कोणत्या संगणकावर आहे, लेखे कोणत्या तारखेस बंद व्हावयाचे, कोणती सोय चालू ठेवावयाची, हे स्थळपरत्वे बदलते. असे तपशील एका स्वतंत्र फाईलमध्ये लिहितात. आज्ञावली सुरू होताना ही फाईल वाचते व तीप्रमाणे वागते. मूळ आज्ञावलीस हात न लावता कामकाजात बदल करता येतो, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ होय.

ही फाईल साध्या अक्षरांत असते व माणसास वाचता येते. क्लार्क इव्हान्स यांनी २००१ साली मांडलेली ‘यॅमल’ ही तिच्या लेखनाची एक रूढ पद्धत आहे. प्रथम बाबीचे नाव, मग अपूर्णविराम, त्यापुढे मूल्य, अशी तिची रचना. एक बाब दुसरीच्या पोटात येत असल्यास ओळ आत सरकवून लिहितात. मात्र तेथे टॅब चालत नाही, रिकाम्या जागाच सोडाव्या लागतात. हॅशचे चिन्ह घालून टीपही लिहिता येते, अगदी मराठीतसुद्धा. यंत्र ती वगळते.

लेखन सुलभ व्हावे म्हणून या पद्धतीत शब्दांना अवतरणचिन्हांची सक्ती ठेवलेली नाही. अडचणीचे मूळ तेथेच आहे. नॉर्वे देशाचे दोन अक्षरी संकेतचिन्ह ‘एन-ओ’ असे आहे आणि यॅमलच्या २००५ च्या १.१ या आवृत्तीत त्याच दोन अक्षरांचा अर्थ नकार असा होतो. त्यामुळे देशांच्या यादीत भारत व स्वीडन जागच्या जागी राहतात, नॉर्वेच्या ठिकाणी मात्र ‘असत्य’ हे मूल्य येऊन बसते. मुंबईच्या दूरध्वनी-संकेतांकाची गतही तीच. इंग्रजी अंकांत लिहिलेला ०२२ हा आकडा शून्याने सुरू होतो म्हणून अष्टमान पद्धतीचा समजला जातो व त्याचे १८ होतात. पुण्याच्या ०२० चे १६ होतात. बंगळूरचा ०८० मात्र बचावतो, कारण अष्टमान पद्धतीत आठ हा अंकच नाही! यंत्र कोणतीही तक्रार करीत नाही आणि फाईल तपासणाऱ्यास ओळ बिनचूक दिसते. खरा धोका हा आहे.

२००९ च्या १.२ या आवृत्तीत हे नियम बदलण्यात आले. तथापि पायथॉन भाषेत सर्रास वापरला जाणारा यॅमल-वाचक आजही जुनेच नियम पाळतो. ‘जेसन’ ही पद्धत अधिक काटेकोर खरी, पण तिच्यात टीपेस जागा नाही. टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २०१३ मध्ये आणलेल्या ‘टॉमल’मध्ये मजकूर अवतरणचिन्हांतच द्यावा लागतो आणि शून्याने सुरू होणारा उघडा पूर्णांक आल्यास यंत्र फाईलच नाकारते. निमूटपणे चुकीचा अर्थ लावण्यापेक्षा असा नकार केव्हाही बरा.

यॅमल वापरणाऱ्या कार्यालयांत संकेतांक, खातेक्रमांक, विद्यार्थ्यांचे हजेरी क्रमांक व तारखा अवतरणचिन्हांतच लिहावयास हव्यात. बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला, याची टीप त्याच ओळीच्या वर घालावी आणि आधीची प्रत जपून ठेवावी.