हाय अलर्ट : घाबरायचे की सावध व्हायचे?

श्रोतेहो, टीव्हीवर ‘राज्यात हाय अलर्ट’ अशी लाल पट्टी फिरू लागली, की देगलूरच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न पडतो : मी नेमके काय करायचे?

प्रश्न रास्त आहे. आपले गाव नांदेडहून तेलंगणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. २१ फेब्रुवारी २०१३ रोजी हैदराबादच्या दिलसुखनगरात सायकलींवर ठेवलेले दोन बॉम्ब फुटले. त्याच शहरात आपली माणसे दवाखान्यासाठी, व्यापारासाठी जात-येत असतात.

काही देशांत दहशतवादी धोक्याच्या पायऱ्या जाहीर करतात. ब्रिटनने २००६ पासून अशा पाच पायऱ्या लोकांसमोर ठेवल्या. अमेरिकेने २००२ मध्ये पाच रंग ठरवले. पण रंग बदलला तरी काय करावे हे लोकांना उमगेना. २०११ मध्ये ती पद्धत बंद झाली.

आपल्याकडे जनतेसाठी अशा ठरावीक पायऱ्या नाहीत. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे रंग हवामान खात्याचे, पावसापाण्याचे. ‘हाय अलर्ट’ हा मुख्यतः पोलीस यंत्रणेला दिलेला इशारा. त्यानंतर नाकाबंदी होते, गस्त वाढते, सामान तपासले जाते. तपासणीला सहकार्य करणे हे आपले पहिले काम.

दुसरे काम नजर उघडी ठेवण्याचे. एसटीत चढताना आसनाखाली पाहा. बेवारस पिशवी, डबा किंवा सायकल दिसली तर हात लावू नका, हलवू नका. इतरांना दूर करा, स्वतःही दूर जा आणि मगच ११२ क्रमांक फिरवा. वाहक-चालकांना सांगा. वस्तू कुठे आहे, कशी दिसते, केव्हापासून आहे, एवढे नीट सांगितले तरी पुरे.

तिसरे काम सर्वांत अवघड : अफवेला पाय फुटू न देणे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना ठार मारले. देगलुरात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू या साऱ्या भाषा कानावर पडतात. अनोळखी भाषा किंवा वेगळा वेष हा पुरावा नव्हे. संशय आला तर पोलिसांना कळवा. चौकशी त्यांनाच करू द्या. मोबाइलवर आलेला निनावी संदेश पुढे पाठवू नका.

घरातही थोडी तयारी असावी. महत्त्वाचे फोन क्रमांक कागदावर लिहिलेले, रोजची औषधे, विजेरी, पिण्याचे पाणी, कागदपत्रांची एक पिशवी. ताटातूट झाली तर कुठे भेटायचे, हे मुलांनाही ठाऊक हवे. ही तयारी पूर आला, भूकंप झाला तरी उपयोगी पडते. १९९३ च्या किल्लारी भूकंपाची रात्र पाहिलेल्या मराठवाड्याला हे वेगळे सांगायला नको.

इशारा ऐकून बाजार बंद करून बसण्याची गरज नसते. रोजचे व्यवहार करावेत, मात्र डोळे उघडे ठेवून आणि डोके शांत ठेवून.