संहितेतील शब्दशोध आणि अर्थशोध

एखाद्या ग्रंथात अमुक शब्द कोठे कोठे आला आहे हे सांगणे आणि त्याच ग्रंथात अमुक कल्पना कोठे मांडली आहे हे सांगणे, ही दोन भिन्न कार्ये होत. पहिले कार्य सूची करते. दुसऱ्यास वाचक लागतो. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेली वैदिक मंत्रचरणांची अकारविल्हे सूची अभ्यासकास चरणाचे स्थान तत्काळ दाखविते. त्याचा अर्थ लावण्याचे दायित्व ती घेत नाही. संगणकाचा कोड हीदेखील मनुष्याने लिहिलेली आणि मनुष्यास वाचावी लागणारी संहिताच आहे. कमांड लाइनवर चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांमुळे तिच्या बाबतीत ही दोन कार्ये आता एकत्र येऊ लागली आहेत. ती कशी, आणि त्यांतील कोणत्या भागावर किती विश्वास ठेवावा, याचा येथे विचार करावयाचा आहे.

कोडमधील शब्दशोधाचे सुप्रसिद्ध साधन म्हणजे ‘ग्रेप’. केन टॉमसन यांनी रचलेले हे साधन १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत समाविष्ट झाले. सर्व ओळींत दिलेला आकृतिबंध शोधावा व जुळलेली ओळ छापावी, अशा अर्थाच्या एका जुन्या आज्ञेवरून त्याचे नाव पडले. हे आकृतिबंध ज्या नियमित पदावलीत लिहितात, तिचा पाया स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात आहे. त्याच वर्षी नोम चॉम्स्की यांनी सान्त-अवस्था व्याकरण इंग्रजीच्या वर्णनास अपुरे पडते असे दाखविले. क्लीनी यांच्या पदावलीचे सामर्थ्य त्याच व्याकरणाइतके आहे. ग्रेप अक्षरांचा क्रम ओळखते. अर्थ हा तिचा विषयच नव्हे.

याची अडचण कोठे जाणवते ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेली ‘गिट’ ही प्रणाली फाइलींच्या आवृत्त्या सांभाळते. पुढील नोंदीसाठी निवडलेल्या फाइलींची एक यादी ती ठेवते. या एका वस्तूस तीन नावे आहेत. वापरणारे तिला ‘स्टेजिंग एरिया’ म्हणतात, डिस्कवरील फाइलीचे नाव ‘इंडेक्स’ आहे, आणि कोडमध्ये ‘कॅश’ हे जुने नाव अद्याप रुजलेले आहे. उलटपक्षी ‘इंडेक्स’ हा शब्द तेथे अन्य प्रकारच्या सूचींसाठी व साध्या अनुक्रमांकासाठीही येतो, आणि ‘कॅश’ हा पासवर्ड तात्पुरता जपणाऱ्या भागाच्या नावातही आढळतो. म्हणजे पर्यायता आणि अनेकार्थता या दोन्ही गोष्टी येथे एकत्र नांदतात. भरीस भर म्हणजे ही यादी डिस्कवर लिहिण्याचे काम ज्या फाइलीत आहे, तिचे नाव ‘रीड-कॅश’ असे आहे. लेखनाचा शोध घेणारा नवागत वाचनाच्या नावाची फाइल सहसा उघडणार नाही.

२०२५ मध्ये क्लॉड कोड, कोडेक्स सीएलआय, जेमिनाय सीएलआय ही साधने पुढे आली. ‘निवडलेल्या फाइलींची यादी डिस्कवर कोठे लिहिली जाते?’ असा प्रश्न त्यांना नेहमीच्या भाषेत विचारता येतो. त्यानंतरची क्रिया साधारणतः अशी चालते. भाषाप्रतिमान प्रश्नावरून संभाव्य शब्द ठरविते व ग्रेपसारख्या साधनास शोधाची आज्ञा देते. आलेल्या ओळी वाचून ते काही शब्द टाकते, काही नवे घेते, निवडक फाइली उघडते, एक फंक्शन कोणकोणत्या ठिकाणांहून वापरले जाते याचा माग काढते, आणि अखेरीस फाइलीचे नाव व ओळीचा क्रमांक यांसह उत्तर देते. ‘स्टेजिंग’ने हाती काही लागले नाही तर ‘कॅश’कडे वळावे, हे त्यास सुचते, कारण या शब्दांचे साहचर्य त्याने शिक्षणकाळात असंख्य लेखांत पाहिलेले असते. तात्पर्य, शब्दशोध जुनाच आहे; नवी आहे ती शब्दांची निवड.

परंतु ज्या स्मृतीमुळे हे सामर्थ्य येते, तिच्यातूनच दोषही उद्भवतो. गिटच्या कोडमध्ये ‘कॅश’ याच नावाची एक मध्यवर्ती शीर्षफाइल वर्षानुवर्षे होती. २०२३ मध्ये तिचे विभाजन पूर्ण होऊन ती काढून टाकण्यात आली. समोरची प्रत न उघडता स्मृतीवरून उत्तर देणारे प्रतिमान त्या नसलेल्या फाइलीकडे निःशंकपणे बोट दाखवू शकते. म्हणून उत्तरातील प्रत्येक स्थान प्रत्यक्ष उघडून पाहणे, हा पहिला नियम. दुसरा नियम नकारात्मक विधानांचा. प्रतिमान एका वेळी मर्यादित मजकूरच विचारात घेऊ शकते. त्यामुळे ‘असा वापर अन्यत्र नाही’ हे त्याचे विधान प्रमाण मानू नये. तेथे संपूर्ण संहितेवर ग्रेप चालविणे हाच पुरावा होय, आणि तोही योग्य आकृतिबंध निवडला असेल तरच.

भाषाशास्त्राच्या संशोधकास हा विषय परका नाही. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे अक्षर एका संकेताने लिहिता येते, तसेच ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांनीही लिहिता येते. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच दिसतात. अक्षरक्रम पाहणारा शोध मात्र त्यांस भिन्न मानतो. दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम वापरून ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा रूपांची वारंवारता मोजली आणि त्या प्रोग्राममध्ये दोन्ही लेखनांचे एकीकरण केलेले नसेल, तर प्रबंधातील आकडा चुकतो आणि ती चूक कोणास दिसतही नाही. ‘मोजणीपूर्वी हे एकीकरण कोठे होते?’ हा प्रश्न अशा साधनास अवश्य विचारावा, दाखविलेली ओळ स्वतः वाचावी, आणि दोन्ही लेखनांचा एक लहान नमुना देऊन मोजणी पडताळावी. मात्र वाचलेला मजकूर बहुधा कंपनीच्या संगणकाकडे पाठविला जातो. म्हणून निवेदकांची अप्रकाशित सामग्री त्या फोल्डरमध्ये ठेवू नये.

सूचीमुळे वाचनाची आवश्यकता संपली नाही. कोठे वाचावे एवढेच ठरले. या साधनांकडूनही तितकीच अपेक्षा ठेवणे युक्त होय. निष्कर्षाखाली ज्याचे नाव असेल, त्याने ती ओळ वाचलेली असली पाहिजे.